मातांतचा अर्ज, माझा अर्ज

रात्री अडीच-तीनच्या सुमाराला वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये अशी एक वेळ येते की सगळ्या घंटा थांबतात. आजोबांना कूस बदलून दिलेली असते, शेवटच्या खोलीतल्या आजींनी नवऱ्याच्या नावाने मारलेल्या हाका विरलेल्या असतात. तेवढ्या पाऊण तासात मातांत आणि मी डबे उघडायचो. माझ्या डब्यात पोळीभाजी, तिच्या डब्यात राजम्यासारख्या लाल दाण्यांचा भात. त्याच टेबलावर, फेब्रुवारी २०२२ मध्ये, आम्ही दोघींनी अमेरिकेच्या नागरिकत्वाचे अर्ज भरले. एन-४०० असं त्या अर्जाचं नाव. तेव्हा तो वीस पानांचा होता.

मातांत हे तिचं नाव नव्हे. हैतीच्या क्रेओल भाषेत आत्या, मावशी, काकू, मामी या सगळ्यांना मिळून तो एकच शब्द आहे. आमच्या मजल्यावरच्या रात्रपाळीत बहुतेक बायका हैतीच्या, आणि त्यांच्यात ती वयाने मोठी, म्हणून सगळ्यांचीच मातांत. मी सांगली जिल्ह्यातली, पण पहिल्याच आठवड्यात मीही तिला तसंच म्हणायला लागले. ती मला ‘पितीत म्वें’ म्हणते. म्हणजे माझं लेकरू. आपण सख्ख्या मावशीला जसं अगंतुगं करतो, तसंच मी तिच्याबद्दल इथे लिहिते आहे.

माझं ग्रीन कार्ड २०१६ चं. पाच वर्षं झाली की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, म्हणजे २०२१ मध्येच मला तो करता आला असता. नवऱ्याने केलाही. माझा हात मात्र उचलत नव्हता. भारताच्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाची शपथ घेतली की आपलं नागरिकत्व त्या क्षणी संपतं, मग पासपोर्ट रद्द करून घ्यायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डासाठी रांग लावायची. माझ्या पहिल्या पासपोर्टच्या अर्जावर वडिलांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पत्ता लिहिला होता. ते आता नाहीत. ती निळी पुस्तिका परत द्यायची, या विचारानेच मी कपाट बंद करून टाकायचे.

मातांत तर बावीस वर्षं थांबली होती. का, हे मला तुकड्यातुकड्यांत कळलं. हैतीच्या १९८७ च्या राज्यघटनेप्रमाणे परदेशी नागरिकत्व घेतलं की हैतीचं जायचं. ती अट घटनादुरुस्तीने निघाली २०१२ साली. त्याआधी कुणी विचारलं तर ती म्हणायची, “आई जिवंत असताना मी तिच्या देशात पाहुणी म्हणून जायची का?” २०१० च्या भूकंपानंतर हातात येणारा प्रत्येक डॉलर तिकडे गेला. आणि मध्येच एकदा एका फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराने तिच्याकडून नऊशे डॉलर घेतले आणि अर्ज पाठवलाच नाही. वर्षभराने ती तिथे गेली, तर दुकानाला टाळं. आपल्याकडच्या एजंटांची आठवण झाली मला. परदेशात आलेल्या माणसाला पहिला नाडतो तो बहुतेक वेळा त्याचीच भाषा बोलणारा माणूस असतो.

जानेवारी २०२२ मध्ये तिची आई हैतीतल्या त्यांच्या गावी, लेओगानला, घरात पडली. वय ८७. ग्रीन कार्डवर नवरा-बायकोला, अविवाहित मुलांना बोलावता येतं, आईवडिलांना नाही. आईसाठी मुलगी नागरिकच असावी लागते. त्या रात्री मातांतने डबा उघडला नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझा कागद तू भरत नाहीस. का ते मला ठाऊक आहे. माझाही राहिलाय. दोघींचा बरोबर भरू या.”

तिच्या एका वाक्याने माझं वर्षभराचं कुढणं बाजूला पडलं.

अर्जाची सुरुवातीची पानं सरळ आहेत, पण वेळ खातात. पाच वर्षांतले सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या, आणि चोवीस तासांहून जास्त देशाबाहेर राहिलात असा प्रत्येक प्रवास, तारखांसकट. ज्यांना अर्ज करायचाय त्यांना माझं सांगणं इतकंच की पासपोर्टवरचे शिक्के आणि जुनी तिकिटं आधी काढून ठेवा आणि तारखा अंदाजाने टाकू नका. कर भरल्याचे उतारे मागवून घ्या. गाडीच्या वेगासाठी झालेला दंडसुद्धा लिहा. या पानांना आम्हाला चार रात्री लागल्या.

पाचव्या रात्री बाराव्या भागातल्या एका प्रश्नाशी आलो. तेव्हाच्या अर्जात तो असा होता : जगात कुठेही, कोणत्याही संघटनेचे, मंडळाचे, निधीचे, क्लबचे किंवा तत्सम गटाचे तुम्ही कधी सभासद होता का? असल्यास नाव, उद्देश, कधीपासून कधीपर्यंत. खाली छोटासा तक्ता. माझ्यासाठी मी तिथे महाराष्ट्र मंडळ लिहिलं आणि पुढे गेले. मातांतने पेन खाली ठेवलं आणि बोटं मोजायला लागली.

चर्चमधलं गायकवृंद, १९९३ पासून. बुधवारचा प्रार्थनागट. लेओगानकरांचं मंडळ : आपल्याकडे मुंबईत गावाच्या नावाने असतं ना, अगदी तसंच. महिन्याला वर्गणी काढतात आणि गावच्या शाळेला पत्रे, बाकं, मास्तरांचा पगार पाठवतात. मृतांसाठीचा गट : कुणी गेलं की नऊ रात्री त्या घरी प्रार्थनेला बसायचं, कॉफी करायची, दफनाचा खर्च कमी पडला तर जमवायचा. आणि सॉल.

“सॉल म्हणजे?” मी विचारलं.

दहा बायका. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकी दोनशे डॉलर. जमलेली सगळी रक्कम एकीला. पुढच्या वेळी दुसरीला. हिशेब ठेवते तिला म्हणतात ‘मानमान सॉल’, सॉलची आई. कागद नाही, सही नाही, व्याज नाही.

मी टेबलावर हात आपटला असेन बहुतेक. “मातांत, ही तर भिशी!” माझ्या आईने भिशी उचलून माझ्या बारावीच्या क्लासची फी भरली होती. मी तिला ते सांगितलं. मग तिने कोंबितबद्दल सांगितलं. एकाच्या शेतात पेरणी-कापणी असली की सगळा गाव फावडी घेऊन येतो, ढोल वाजतो, गाणी होतात, मालक जेवू घालतो, उद्या दुसऱ्याच्या शेतात. मी तिला आमचा शब्द दिला : इर्जिक. तिने तो चार वेळा म्हणून बघितला. “में आँपिल, शाय पा लू,” ती म्हणाली. हात पुष्कळ असले की ओझं जड होत नाही.

सॉल हा ‘गट’ धरायचा का, यावर आम्ही बराच वेळ घालवला. मी म्हटलं, नोंदणी नाही, सोड. ती म्हणाली, “पितीत म्वें, कागद विचारतोय की माझी माणसं कोण. यातूनच माझ्या मुलीचं तिकीट झालं, यातूनच दोघी भाच्या शिकल्या. ती दहा नावं मी लपवू कशी?” शेवटी उद्देशाच्या रकान्यात लिहिलं, ‘बचतीसाठी मैत्रिणींचा गट’. तक्ता केव्हाच संपला होता. आम्ही जादा पान जोडलं.

अर्जाची फी तेव्हा बोटांच्या ठशांचे धरून ७२५ डॉलर होती. उत्पन्न कमी असेल तर माफी मागता येते आणि तिला ती मिळालीही असती. तिने नाही म्हटलं. सॉलमध्ये तिचा हात – रक्कम उचलण्याच्या पाळीला त्या ‘हात’च म्हणतात – मे महिन्यात होता. एका बाईने आपला फेब्रुवारीचा हात तिला दिला.

कागदांच्या नकला काढायला मी एका रविवारी तिच्या घरी गेले, मॅटापॅनला. बॉस्टनच्या दक्षिणेकडचा हा भाग. ब्लू हिल अॅव्हेन्यूवरून चालताना क्रेओलच कानावर पडते, बेकरीतून मांसाच्या पॅटिसचा वास येतो. स्वयंपाकघरात दोन तसबिरी होत्या. एक निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेची, जी हैतीची पालनकर्ती मानतात. १८८२ साली राजधानी पोर्तो प्रिन्समध्ये देवीची साथ आली, तेव्हा ही तसबीर शहरातून फिरवली आणि साथ ओसरली, अशी तिकडच्या लोकांची श्रद्धा. मी तिला सांगितलं की आमच्या भाषेत त्या रोगाचंच नाव देवी आहे. ती गप्प झाली, मग क्रूसाची खूण करून म्हणाली, “मग तुमचे लोक घाबरून प्रार्थना कुणाची करायचे, रोगाची की आईची?” मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नाही.

दुसरं चित्र एका पांढरा गळपट्टा बांधलेल्या काळ्या गृहस्थांचं. पिएर तूसाँ. जन्म १७६६, सां-दोमँग, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामगिरीत. मालकाने १७८७ मध्ये न्यूयॉर्कला आणलं आणि केशरचना शिकायला घातलं. मालक मेला, घर बुडालं, तर या माणसाने श्रीमंत बायकांचे केस करून मिळवलेल्या पैशांवर मालकिणीला सांभाळलं. ती १८०७ मध्ये मरताना त्याला मुक्त करून गेली. त्याने पैसे देऊन आपल्या बहिणीची आणि होणाऱ्या बायकोची मुक्तता केली, अनाथ मुलं घरी वाढवली, पीतज्वराच्या साथीत लोक पळत होते तेव्हा रोग्यांची सेवा केली, आणि रोज सकाळी कामाआधी चर्चला गेला. १८५३ मध्ये तो वारला. आज न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलच्या तळघरात त्याची समाधी आहे आणि १९९६ मध्ये पोपने त्याला ‘पूजनीय’ हे पद दिलं, संतपदाच्या वाटेवरची एक पायरी. मातांत रात्रपाळीला निघताना त्या चित्राला सांगून निघते. “तोही कामावर जायच्या आधी देवाकडे जायचा,” एवढंच म्हणाली. मला मात्र २०२० चा एप्रिल आठवला. आमच्याकडे एकेका रात्री दोन-दोन माणसं जात होती, नातेवाइकांना आत यायची परवानगी नव्हती, आणि मातांत प्रत्येकाचा हात धरून, दोन मास्कांच्या आडून, त्यांच्या त्यांच्या धर्माची प्रार्थना विचारून म्हणत होती. एका ज्यू आजोबांसाठी तिने त्यांच्या मुलीकडून फोनवर चार ओळी लिहून घेतल्या होत्या.

आता त्या प्रश्नाकडे येते ज्याने आम्हाला तीन आठवडे अडवलं. ‘कोणत्याही कारणासाठी तुम्हाला कधी अटक झाली आहे का किंवा अडवून ठेवण्यात आलं आहे का?’ आणि कंसात : इमिग्रेशनचे किंवा अमेरिकी सैन्यदलाचे अधिकारीही धरून. मी सवयीने ‘नाही’वर खूण करायला गेले. तिने माझं मनगट धरलं.

“ग्वांतानामो,” ती म्हणाली.

सात वर्षं तिच्याबरोबर काम करत होते, पण क्युबातल्या त्या अमेरिकी लष्करी तळावर तिला ठेवलं होतं हे मला माहीत नव्हतं.

वकिलांच्या मोफत सल्ल्याच्या दिवशी आम्ही चर्चच्या तळघरात रांगेत बसलो. तिथल्या तरुण वकीलबाईंनी सगळं ऐकलं आणि सांगितलं, ‘हो’ लिहा, स्वतंत्र पानावर काय झालं ते लिहा, स्वतःच्या शब्दांत, आणि इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडा. तुम्ही काही चूक केलेली नाही, पण लपवलं असं दिसता कामा नये. मातांतने ते पान क्रेओलमध्ये लिहिलं. तिच्या मानसपुत्राने, म्हणजे चर्चमध्ये तिच्या मांडीवर ज्याचा बाप्तिस्मा झाला त्या ‘फियॉल’ने, इंग्रजी केलं. मी ते टाइप केलं, म्हणून मला पाठ आहे. तिची परवानगी घेऊन थोडक्यात देते.

तिचे वडील ती तीन वर्षांची असताना, १९६४ मध्ये, हैतीचा हुकूमशहा ड्युव्हालिये, ज्याला ‘पापा डॉक’ म्हणत, त्याच्या माणसांनी रात्री नेले. परत आले नाहीत. आई मादान सारा होती. खेड्यातला माल डोक्यावर घेऊन बाजारोबाजारी विकणाऱ्या बायकांना हैतीत एका पक्ष्याच्या नावावरून तसं म्हणतात. तिने पाच मुलं वाढवली. मोठी झाल्यावर मातांत गावातल्या ‘ती लेग्लिझ’मध्ये, म्हणजे गरिबांच्या छोट्या प्रार्थनामंडळात, मोठ्या माणसांना क्रेओल लिहा-वाचायला शिकवायची. ३० सप्टेंबर १९९१ ला लष्कराने आरिस्तीद यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि अशा मंडळांतली माणसं शोधून मारायला लागले. डिसेंबरमध्ये, चार वर्षांची मुलगी आईकडे ठेवून, ती एका होडीत बसली. तिसऱ्या दिवशी अमेरिकी तटरक्षक दलाच्या जहाजाने त्यांना उचललं. मागे वळून पाहिलं तर त्यांची होडी जळत होती. मग ग्वांतानामोच्या तळावर, जुन्या धावपट्टीवर ओळीने तंबू, भोवती काटेरी तार, मनगटावर क्रमांकाची पट्टी. तीन महिने. मुलाखत झाली, तिची भीती खरी आहे असं ठरलं आणि तिला मायामीला पाठवलं. जी माणसं त्या चाळणीतून खाली पडली ती परत पाठवली गेली. तिच्या तंबूतल्या दोघी होत्या त्यांत. १९९८ च्या हैतीवासीयांसाठीच्या कायद्याखाली तिला २००० मध्ये ग्रीन कार्ड मिळालं आणि २००४ मध्ये मुलगी आली. तेव्हा ती मुलगी सतरा वर्षांची होती.

पानाच्या शेवटी तिने लिहिलं होतं, “मला अडवून ठेवलं होतं. मी काही चोरलं नव्हतं.” वकीलबाईंनी त्यातलं एकही अक्षर बदललं नाही.

अर्ज गेले. मग वाट बघणं आणि अभ्यास. इतिहास-नागरिकशास्त्राचे शंभर प्रश्न असायचे. अधिकारी त्यांतले दहापर्यंत विचारायचे, सहा बरोबर यावे लागायचे. (ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांची यादी आहे, वीस विचारतात आणि बारा यावे लागतात. जुन्या चिठ्ठ्यांवर विसंबू नका.) पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीस वर्षं ग्रीन कार्ड असलेल्यांना इंग्रजीच्या परीक्षेतून सूट असते. दुभाषा आपणच न्यायचा आणि प्रश्नांची उत्तरं आपल्या भाषेत द्यायची. मातांतचं इंग्रजी कामापुरतं उत्तम आहे. मी म्हटलं, सूट कशाला घेतेस, तुला जमेल. मला वाटत होतं मी तिला धीर देतेय.

ती म्हणाली, “शाळेत क्रेओल बोललं की मास्तर मारायचे. सगळं फ्रेंचमध्ये. माझी आई फ्रेंच बोलत नाही, म्हणून ती अडाणी. सरकारी कचेरीत माझ्या भाषेत परीक्षा द्यायला मिळतेय आणि तू मला सांगतेस ती सोडून दे?” १९८७ च्या घटनेने क्रेओलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा केलं, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

रात्री तीन वाजता मी प्रश्न विचारायचे, ती उत्तर द्यायची. एका प्रश्नावर ती दर वेळी खुर्चीत ताठ बसायची. ‘१८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून कोणता प्रदेश विकत घेतला?’ उत्तर लुइझियाना. यादीत एवढंच उत्तर आहे. ते अपुरं आहे, असं तिचं म्हणणं. नेपोलियनने हैतीतले गुलाम पुन्हा साखळीत घालायला सैन्य पाठवलं. ते सैन्य हैतीच्या लोकांनी आणि पीतज्वराने संपवलं. हैतीच हातची गेल्यावर त्याला मिसिसिपीकाठची ती जमीन ठेवून काय करायचं होतं? विकून टाकली. अमेरिका दुप्पट झाली. आणि १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र झालेल्या हैतीला याच अमेरिकेने मान्यता दिली ती १८६२ मध्ये. “हे पण विचारायला पाहिजे,” ती म्हणायची. मी शाळेत इतिहास शिकले, फ्रेंच राज्यक्रांतीवर टिपा लिहिल्या, पण गुलामांनी स्वतः लढून उभं केलेलं राष्ट्र जगात आहे हे मला चाळिशीनंतर, डब्याच्या टेबलावर कळलं. याची मला मनापासून खंत वाटते.

माझी मुलाखत ऑक्टोबरात झाली, वीस मिनिटांत. तिची नोव्हेंबरात. मी बाहेर बसले होते, आतलं फियॉलने सांगितलं. अधिकाऱ्याने ग्वांतानामोचं पान दोनदा वाचलं, वर पाहिलं आणि फक्त तारखा विचारल्या. मग प्रश्न. पहिले सहाच्या सहा बरोबर, त्यामुळे तो थांबला. लुइझियाना आलंच नाही. काही विचारायचंय का, असं त्याने शेवटी म्हटलं तेव्हा मातांतने दुभाष्यामार्फत सगळी लुइझियानाची हकिकत त्याला सांगितली. त्याने ऐकून घेतली. पास.

अडचण आली ती नंतर, शपथेच्या मजकुराची. त्यात म्हणतात की आजवर ज्याची मी प्रजा होते त्या कोणत्याही परकीय राजावरची, सत्ताधीशावरची, राज्यावरची सगळी निष्ठा मी पूर्णपणे सोडून देते. हैतीचा कायदा आता तिचं नागरिकत्व काढत नव्हता, पण तिला कायद्याची चिंता नव्हतीच. देवासमोर हात वर करून खोटं बोलायचं का, हा तिचा प्रश्न होता. माझ्या तर मनातही असं आलं नव्हतं. मी पासपोर्टसाठी रडत होते, ती शब्दांसाठी झोपत नव्हती. फादरांना विचारलं. ते म्हणाले, शपथ राज्यसत्तेवरच्या निष्ठेची आहे, आईवरच्या आणि मातीवरच्या मायेची नाही. तिला ते पटलं अर्धं. उरलेलं तिने स्वतःच सोडवलं. दोन रात्रींनी भात ढवळता ढवळता म्हणाली, “राजा, सत्ताधीश. पापा डॉक होता, त्याचा मुलगा होता, मग जनरल आले. माझी निष्ठा त्यांच्यावर कधी होती? सोडते.”

डिसेंबरच्या मध्यात फॅन्युइल हॉलमध्ये तिची शपथ झाली. बॉस्टनच्या मध्यावरची ही इमारत १७४२ ची. पीटर फॅन्युइल नावाच्या ज्या व्यापाऱ्याने ती शहराला दिली, त्याची संपत्ती गुलामांच्या व्यापारातूनही आलेली होती. त्याच सभागृहात पुढे फ्रेडरिक डग्लस गुलामगिरीविरुद्ध बोलले, आणि १८८९ मध्ये तेच डग्लस हैतीत अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी म्हणून गेले. यातलं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, तिला सगळं माहीत होतं. दारात तिने बावीस वर्षं जपलेलं ग्रीन कार्ड काढून दिलं. निळा कोट, लाल टोपी : हैतीच्या ध्वजाचे रंग, हे मला उशिरा लक्षात आलं. मी गॅलरीत तिच्या मुलीशेजारी होते. शेकडो हात वर गेले तेव्हा तिचा डावा हात कोटाच्या खिशात होता. मला ठाऊक होतं, खिशात जपमाळ आहे.

माझी शपथ जानेवारीअखेर झाली, आणि पासपोर्ट पोस्टाने जाऊन रद्दचे शिक्के घेऊन परत आला. तो मला परत मिळेल हे मी विसरूनच गेले होते. वडिलांच्या अक्षरातला तो जुना अर्ज मी त्यातच ठेवला आहे. माझ्या शपथेच्या दिवशी गॅलरीत मातांत होती, रात्रपाळी करून, न झोपता.

पण त्याआधी १ जानेवारी होती, आणि ती सांगायलाच हवी. त्या दिवशी हैतीची माणसं जगात जिथे असतील तिथे सूप जूमू करतात. लाल भोपळा, गोमांस, कोबी, गाजर, बटाटा, शेवया, वर तिखटजाळ मिरची. गुलामांनी हे मालकांसाठी रांधायचं, पण चाखायचं नाही, असा नियम होता. स्वातंत्र्याच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून ते प्यायलं, ते आजतागायत. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद घेतली. मी पोचले तेव्हा मातांत पहाटेपासून उभी होती. शेजारपाजारच्या अकरा घरांसाठी डबे भरलेले होते. माझ्यासाठी गोमांस न घातलेलं सूप वेगळ्या छोट्या पातेल्यात. भोपळा चिरताना तिने सुरी माझ्या हातात दिली होती ती दुसऱ्या खेपेच्या पातेल्यासाठी.

दुपारी टेबल पुसून मी नवा फॉर्म काढला, आईला बोलावण्याचा, आय-१३०. लेओगानला फोन लावला. पडद्यावर आजी दिसल्या, अंगणात, निरफणसाच्या झाडाखाली. २०१० मध्ये १२ जानेवारीला संध्याकाळी ४ वाजून ५३ मिनिटांनी घर कोसळलं तेव्हाही त्या याच झाडाखाली तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, म्हणून वाचल्या. मातांतला ते चार दिवसांनी कळलं होतं. आजींच्याही हातात सुपाचा वाडगा होता.

मी जन्मतारखेच्या रकान्याशी थांबले. महिना, दिवस, वर्ष. बाप्तिस्म्याची नोंद होती, पण गावचं चर्च भूकंपात पडलं आणि त्या ढिगाऱ्यातून ती मिळाली नाही. मातांतने फोनवर विचारलं, “मांमां, तुझा वाढदिवस?”

आजींनी बराच वेळ काहीतरी सांगितलं. मातांत ऐकत होती, मान हलवत होती. मग माझ्याकडे वळली. अमेरिकेच्या सैन्याने हैतीवर एकोणीस वर्षं ताबा ठेवला होता, १९१५ पासून. ते सैनिक परत जायला बोटीत चढले, तेव्हा आजींची आई सात महिन्यांची पोटुशी होती आणि बघायला किनाऱ्यावर गेली होती.

“१९३४ चा ऑगस्ट,” मातांत म्हणाली. “त्याच्यापुढे दोन महिने मोज.”

मी ऑक्टोबर लिहिलं. दिवसाच्या रकान्यावर पेन तसंच धरून ठेवलं. पडद्यावरून आजींनी विचारलं की मुलगी का थांबली आहे. मातांतने सांगितलं. आजी म्हणाल्या, दिवस कुठलाही घाला, वर्ष तेवढं चुकवू नका.